गल्लीतल्या नळापासून विधानभवनापर्यंत

(कळंबा येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



कोल्हापूर शहराची तहान दीर्घकाळ भागवणाऱ्या तलावाच्या काठी आपण जमलो आहोत. पाणी हा घराघरातील विषय. नळ कोरडा पडला, तर त्याची पहिली झळ बाईला लागते. म्हणूनच सार्वजनिक जीवनाची पहिली पायरी नळापाशी, गटारापाशी, कचराकुंडीपाशी सुरू होते, असे मला पत्रकारितेतील एवढ्या वर्षांनंतर वाटते. ही पायरी न गाळता विधानसभेपर्यंत गेलेल्या एका स्त्रीविषयी आज बोलायचे आहे. त्या म्हणजे पुण्याच्या दिवंगत आमदार मुक्ताताई टिळक.

लोकमान्यांच्या घराण्याची ही सून. योगायोग पाहा. खुद्द लोकमान्य १८९५ साली पुणे नगरपालिकेत निवडून गेले आणि त्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलातही. साम्राज्याशी झुंजणाऱ्या त्या पुरुषाला नगरपालिकेचे काम क्षुद्र वाटले नाही. मुक्ताताईंनी हाच वारसा चालवला. आडनाव मोठे असले, तरी त्यांनी थेट आमदारकीवर हक्क सांगितला नाही. २००२ साली त्या प्रथम नगरसेविका झाल्या आणि २०१७ पर्यंतच्या चारही निवडणुकांत पुण्याच्या पेठांनी त्यांना निवडून दिले. आडनाव एकदा निवडून आणते. चार वेळा निवडून आणते ते काम.

मार्च २०१७ मध्ये त्या पुण्याच्या महापौर झाल्या. भारतीय जनता पक्षाच्या तेथील पहिल्या महापौर. महापौरपद मानाचे खरे, पण आपल्या कायद्यात कारभाराची सूत्रे आयुक्तांकडे आणि पैशाच्या किल्ल्या स्थायी समितीकडे असतात. महापौरांच्या वाट्याला येते सभेचे अध्यक्षपद आणि शहराचा रोष. सप्टेंबर २०१८ मध्ये मुठा कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसले. पुढच्याच सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने पुण्यात बळी घेतले. दोन्ही वेळी प्रथम नागरिक म्हणून त्यांना जनतेच्या संतापाला सामोरे जावे लागले. नियोजनातील उणिवांचा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्तच होता. आपल्या माणसांची सत्ता आहे म्हणून प्रश्न मवाळ करणे ही निष्ठा नव्हे.

त्यांच्याच कारकिर्दीत, ऑक्टोबर २०१७ मध्ये, पुण्याच्या हद्दीत अकरा गावे आली. त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे पुढे बाहेर पडली. हद्दवाढीचा प्रश्न वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना यातला धडा कळावा. नकाशावर रेघ ओढणे सोपे असते, त्या रेघेमागून पाणी, रस्ता आणि विश्वास पोहोचवणे अवघड.

ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या कसब्यातून विधानसभेवर गेल्या. काही आठवड्यांतच पक्ष विरोधात बसला, पाठोपाठ महामारी आली आणि मग कर्करोगाने गाठले. आमदार म्हणून त्यांना जेमतेम तीन वर्षे मिळाली. त्या काळाला मोठमोठी विशेषणे लावणार नाही. पण त्यातील एक दिवस विसरता येत नाही.

१० जून २०२२. राज्यसभेच्या सहा जागा, सात उमेदवार. शेवटच्या जागेसाठी आमने-सामने होते ते आपल्याच कोल्हापूरचे धनंजय महाडिक आणि संजय पवार. आमदाराचे मत टपालाने जात नाही. विधानभवनात स्वतः हजर व्हावे लागते. मुक्ताताई रुग्णवाहिकेतून पुण्याहून मुंबईला गेल्या. पिंपरी-चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगतापही तसेच आजारी अवस्थेत आले. पहाटे निकाल लागला आणि महाडिक विजयी झाले. दहाच दिवसांनी विधान परिषदेसाठी त्यांनी पुन्हा हाच प्रवास केला.

निकाल त्यांच्या एका मतानेच फिरला, असे मी म्हणणार नाही. तो हिशेब दुसऱ्या पसंतीच्या मतांचा होता. मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची समजूत. मतदारांनी दिलेला अधिकार ही आपली मालमत्ता नसून ठेव आहे आणि ठेव शेवटपर्यंत सांभाळायची असते. आजारी माणसाला एवढा प्रवास करावा लागावा का, हाही प्रश्न माणुसकीचा आहे. आपल्या नियमांनी त्याचा विचार करावा. परंतु नियम जसा होता, तसा त्यांनी पाळला.

२२ डिसेंबर २०२२ रोजी त्या गेल्या. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत, मार्च २०२३ मध्ये, १९९५ पासून राखलेला कसबा पक्षाने गमावला. २०२४ मध्ये तो पुन्हा मिळवला. यातून कार्यकर्त्याने एकच गोष्ट ध्यानात घ्यावी. बालेकिल्ला दगडविटांचा नसतो, तो रोजच्या संपर्काचा असतो. संपर्क तुटला की तट ढासळतो.

भगिनींनो, २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा तुमच्या आहेत. जागा कायद्याने मिळते. अधिकार मात्र अभ्यासाने आणि उपस्थितीने मिळवावा लागतो. सभेला पतीने बसायचे आणि पत्नीने सही करायची, ही रीत आपल्या दारातून हद्दपार करा. ग्रामसभेत जा, अंदाजपत्रक वाचा, प्रश्न विचारा. मुक्ताताईंना तीच खरी श्रद्धांजली होईल.