पाण्याची ओढ आणि पहिला श्वास



आजचा विषय पृष्ठताण. नाव जड असले तरी ओळख जुनी आहे. अळवाच्या पानावर पाण्याचा मोती होतो. काठोकाठ भरलेल्या पेल्यातले पाणी काठाच्या वर फुगते, तरी सांडत नाही. हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

पाण्याचे कण एकमेकांना ओढतात. आतल्या कणाला ही ओढ चोहोबाजूंनी असल्यामुळे ती फिटते. वरच्या थरातल्या कणाला मात्र वरून ओढणारे जवळजवळ कोणीच नसते. त्यामुळे पृष्ठभाग सदैव आक्रसू पाहतो. २५ अंश सेंटिग्रेडला ही ओढ एक सेंटिमीटर लांबीस सुमारे ७३ मिलिग्रॅम वजनाइतकी भरते. एवढ्याशा ओढीची काय मातब्बरी, असे आपण म्हणाल. थोडा धीर धरावा.

घरी गेल्यावर एक प्रयोग करून पाहा. थाळीत पाणी घ्यावे, वर मिरपूड भुरभुरावी आणि मधोमध साबण लावलेले बोट टेकवावे. पूड क्षणात काठाकडे पळते. साबणाने ती ढकलली असे वाटते. पण घडते ते निराळेच. साबण लागला तेथली ओढ सैल पडली, कडेच्या पाण्याची कायम राहिली. रस्सीखेचीत एका पक्षाने दोर सैल सोडावा, तसा हा प्रकार. आपल्या आज्या रेशमी लुगडी रिठ्याच्या पाण्यात धूत, त्यातले एक मर्म हेच. रिठ्यातले फेसाळ द्रव्य पाण्याची ओढ कमी करते आणि पाणी धाग्याधाग्यांत शिरते.

ही सैल पडणारी ओढ नीट मोजली ती जर्मनीतल्या ब्राउनश्वाइक गावच्या आग्नेस पॉकेल्स या बाईने, आणि तीही स्वयंपाकघरात! त्या काळी तेथील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. आईवडिलांची शुश्रूषा सांभाळून तिने पत्र्याची एक लांबट पन्हाळी केली, पाण्यावर पत्र्याची सरकती पट्टी ठेवली आणि तराजूला टांगलेले बटण पाण्यावरून उचलायला किती जोर लागतो ते पाहिले. पट्टी सरकवून पृष्ठभागावरचा मळ किंवा तेलाचा थर दाटीने गोळा केला की ओढ घटते, हे तिला दिसले. १८९१ साली तिने लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले. त्यांनी ते ‘नेचर’मध्ये छापविले. मोठ्या माणसाचा मोठेपणा असा, असे आम्हांला वाटते.

आता छातीकडे वळू. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश आहेत आणि प्रत्येकाला आतून पाण्याचा पातळ थर आहे. साबणाचे दोन बुडबुडे, एक लहान व एक मोठा, नळीने जोडले तर काय होईल? दोन्ही सारखे होतील, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात लहान बुडबुडा आटून मोठ्यात रिता होतो, कारण बुडबुडा जितका लहान तितका आतला दाब अधिक. मग आपले लहान वायुकोश मिटून का जात नाहीत? फुप्फुस स्वतःच एक स्निग्ध द्रव्य स्रवते म्हणून. श्वास सोडताना कोश आक्रसला की त्या द्रव्याचा थर दाटतो आणि ओढ जवळजवळ नाहीशी होते. पॉकेल्सबाईंची सरकती पट्टीच ही!

फार अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे द्रव्य पुरेसे तयार झालेले नसते. प्रत्येक श्वासाला मिटलेले कोश नव्याने उघडावे लागतात, आणि ते इवलेसे जीव दमून जातात. १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी अशा दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांतील द्रवाची ओढ तपासून हे कारण दाखविले. कारण कळले, पण इलाज हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच विकाराने ३९ तासांत गेला.

१९८० साली जपानात फुजिवारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या फुप्फुसातून तयार केलेले द्रव्य दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडले, आणि त्यांचा श्वास सुधारला. आज अशी द्रव्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांत वापरली जातात. एक किलोच्या बाळाला एका वेळी द्यायची मात्रा चहाच्या चमच्याहूनही कमी भरते.