ग्लायडरसाठी रेडिओ व ट्रान्सपाँडर यांची निवड

(परभणी येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या जिल्ह्यात ग्लायडरचे केंद्र नाही, त्या जिल्ह्यात ग्लायडरमधील यंत्रांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची कारणे दोन आहेत. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींना विमानविद्येची ओढ असते आणि तिची पहिली पायरी म्हणजे ग्लायडर होय. दुसरे असे की, शेतांवर फवारणी करणारे ड्रोन आता आपल्याकडेही आले आहेत. आकाश ही अनेकांची सामाईक वाट झाली आहे. त्या वाटेवर आपण कोण व कोठे आहोत हे दुसऱ्यास कसे कळवावे, हा प्रश्न ग्लायडरच्या उदाहरणावरून फार स्पष्टपणे समजतो.

वैशाखात परभणीची काळी जमीन तापली म्हणजे घारी पंख न हलविता गिरक्या घेत वर चढताना आपण पाहतो. तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर जाते व त्या प्रवाहाबरोबर घार वर जाते. ग्लायडर याच तत्त्वावर उडते. त्यास इंजिन नाही. इंजिन नाही म्हणून वीज निर्माण करणारे जनित्रही नाही. त्यातील सर्व उपकरणे उड्डाणापूर्वी भरून घेतलेल्या बॅटरीवर चालतात. रेडिओ व ट्रान्सपाँडर यांची निवड करताना पुढचा सर्व विचार या एका गोष्टीभोवती फिरतो.

आपल्या राज्यात या विद्येचे जुने केंद्र पुण्याजवळ हडपसर येथे आहे. केंद्र शासनाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १९५० साली ते स्थापन केले. तेथे विंचच्या साहाय्याने, म्हणजे लांब तार वेगाने गुंडाळून, ग्लायडर पतंगासारखे वर चढविले जाते. तेथून थोड्याच अंतरावर लोहगावचा विमानतळ आहे. तेथून हवाई दलाची व प्रवासी विमानेही उडतात. एकीकडे संथपणे गिरक्या घेणारे ग्लायडर, दुसरीकडे ताशी शेकडो किलोमीटर वेगाने उतरणारे विमान. अशा शेजारात परस्परांची माहिती असणे ही जीविताची बाब आहे.

आता प्रथम रेडिओ पाहू. विमानांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात; म्हणून अंतर हे यंत्राच्या शक्तीपेक्षा उंचीवर अधिक अवलंबून असते. ३०० मीटर उंचीवरून सुमारे ७० किलोमीटर, तर १,००० मीटरवरून सुमारे १३० किलोमीटरपर्यंत जमिनीवरील केंद्राशी संपर्क शक्य होतो. यास्तव अधिक वॅटचा संच घेतल्याने सर्व साधेल, हा समज बरोबर नाही. ५ ते १० वॅटचा, स्पष्ट आवाजाचा, सूर्यप्रकाशात आकडे वाचता येतील असा संच पुरेसा असतो. त्यावर आणीबाणीची १२१.५ मेगाहर्ट्झ ही कंप्रता सहज लावता आली पाहिजे. हातात धरावयाचा लहान संच जोडीस असावा. मुख्य संच म्हणून तो पुरत नाही, कारण एका हातात ग्लायडरचा दांडा असतो. संचाबरोबर माणसाची पात्रताही पाहावी लागते. वैमानिकाचे रेडिओ-वापराचे प्रमाणपत्र पूर्वी दूरसंचार विभाग देत असे. १ जानेवारी २०२५ रोजी अमलात आलेल्या भारतीय वायुयान अधिनियमान्वये हे काम महासंचालनालयाकडे आले आहे.

परंतु आवाज ऐकू आल्याने बोलणारा नेमका कोठे आहे, हे कळत नाही. ती उणीव ट्रान्सपाँडर भरून काढतो. साधे रडार लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपते. लाकूड, कापड किंवा काचतंतू यांनी बनलेल्या ग्लायडरचा प्रतिध्वनी क्षीण असतो. १९६१ साली प्रथम उडालेले आपले देशी ‘रोहिणी’ ग्लायडर लाकडाचेच होते. ट्रान्सपाँडर प्रतिध्वनीवर विसंबत नाही. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर विचारणा होते व तो १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. जुन्या पद्धतीत हे उत्तर चार अंकी सांकेतिक क्रमांकाचे असते; प्रत्येक अंक ० ते ७ यांपैकी, म्हणजे एकूण ४,०९६ क्रमांक. त्यापुढील प्रकार उंचीही कळवितो. ‘मोड एस’ या प्रकारात प्रत्येक यानास जगात एकमेव असा पत्ता असतो. रेडिओ बंद पडल्यास वैमानिक ७६०० हा क्रमांक लावतो, संकटात ७७००. अशा रीतीने एक यंत्र मुके झाले तर दुसरे त्याच्या वतीने बोलते.

उंची कळण्याचे महत्त्व आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन जाणले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे अशी दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले होते. दिल्लीच्या तत्कालीन रडारवर विमानाची दिशा व अंतर दिसे, उंची दिसत नसे. न्यायमूर्ती लाहोटी यांनी या अपघाताची चौकशी केली. त्यानंतर भारतात मोठ्या विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. ही यंत्रणा दुसऱ्या यानाच्या ट्रान्सपाँडरचे उत्तर ऐकते. ज्या ग्लायडरवर ट्रान्सपाँडर नाही, अथवा असून बंद आहे, ते तिच्या दृष्टीने आकाशात नाहीच.

‘असून बंद’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. २८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यात सुमारे १६,००० फुटांवर एक छोटे जेट विमान व एक ग्लायडर यांची टक्कर झाली. ग्लायडरचा वैमानिक हवाई छत्रीने उतरला, जेटमधील पाचही जण बचावले. हे केवळ सुदैव. ग्लायडरवर ट्रान्सपाँडर बसविलेला होता. बॅटरी पुरावी म्हणून तो बंद ठेवला होता. यंत्र विकत घेतले होते, बसविले होते, त्याचा खर्च झाला होता. फक्त हव्या त्या क्षणी ते चालू नव्हते.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न किमतीचा नसून विजेचा आहे. एक हिशोब पाहा. १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी धरू. ती जुनी होते व उंचावरील थंडीत तिची शक्ती घटते. म्हणून ५ अँपिअर-तासच हाती आहेत असे मानावे. रेडिओस सरासरी ०.३ अँपिअर, ट्रान्सपाँडरला ०.५, इतर उपकरणांना ०.२ धरले, तर ताशी १ अँपिअर होते. म्हणजे पाच तास. हडपसरसारख्या ठिकाणी काही मिनिटांच्या शिकाऊ उड्डाणांना इतकी वीज पुष्कळ झाली. पण सहा तासांच्या दूरच्या उड्डाणात शेवटच्या तासाला, उतरण्याच्या वेळीच, सर्व यंत्रे बंद पडतील. उपाय दोन: कमी वीज घेणारा संच निवडणे, अथवा दुसरी बॅटरी बसविणे. हा हिशोब कागदावर मांडल्यावाचून खरेदीचा आदेश देऊ नये.

दुसरा प्रश्न उड्डाणाच्या मर्यादेचा. १५,००० फूट व १७५ नॉट यांच्या आत उडणाऱ्यास ट्रान्सपाँडरचा दुसरा वर्ग चालतो. त्यावर जाणाऱ्यास पहिला वर्ग लागतो. तिसरा प्रश्न बसविण्याचा. काचतंतूच्या सांगाड्यातून लहरी आरपार जातात, कार्बनतंतूच्या सांगाड्यातून जात नाहीत. तेथे अँटेना बाहेर बसवावी लागते. चौथा प्रश्न ओळखीचा. एका ग्लायडरवरील संच काढून दुसऱ्यावर बसविला आणि त्यातील पत्ता बदलला नाही, तर दुसरे ग्लायडर पहिल्याच्या नावाने वावरते. संच मान्यताप्राप्त असावा, तो परवानाधारक अभियंत्याकडून बसवावा व त्याची तपासणी ठरल्या मुदतीत व्हावी. युरोपात ग्लायडरमध्ये ‘फ्लार्म’ नावाचे उपकरण २००४ पासून प्रचारात आले. ते एका ग्लायडरला दुसऱ्याची सूचना देते. मात्र प्रवासी विमानांच्या यंत्रणेस ते ऐकू येत नाही, म्हणून ट्रान्सपाँडरची जागा ते घेऊ शकत नाही.

आता आपल्या शेतांकडे वळू. ड्रोन नियम, २०२१ अन्वये नोंदलेल्या प्रत्येक ड्रोनला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. फवारणीचा ड्रोन चालविणाऱ्याकडे दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. ड्रोनचा ठावठिकाणा प्रत्यक्ष वेळी कळविणारे साधन सक्तीचे करण्याची तरतूदही या नियमांत आहे. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर जे काम करतो, तेच काम येथे वेगळ्या रूपात आहे. गावात फवारणीसाठी ड्रोन आला, तर पंचायतीने ओळख क्रमांक, चालकाचे प्रमाणपत्र व त्या दिवशीचा क्षेत्रनकाशा या तीन गोष्टी पाहाव्यात. त्यास अर्धा तासही लागत नाही.

शिक्षकांना माझी विनंती अशी की, वरील बॅटरीचा हिशोब विद्यार्थ्यांकडून वर्गात करून घ्यावा. विजेचे गणित आणि माणसाच्या जिवाचे मोल त्यात एकत्र आले आहेत. अधिकारी बंधूंना सांगणे इतकेच की, बिनतारी संच असो, पुराचा इशारा देणारा भोंगा असो, वा आरोग्य केंद्रातील उपकरण असो. खरेदीच्या टिपणीत किंमत व मालाचा दर्जा यांबरोबर आणखी एक रकाना असावा: हे यंत्र कोणत्या विजेवर, किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली चालू राहील? त्या रकान्यातील उत्तर समाधानकारक असेल, तरच त्या टिपणीवर सही करावी.