वजन घटविणारी शस्त्रक्रिया आणि जखमेची शुश्रूषा

शस्त्रक्रिया रुग्णालयांत होते. पण जखम भरून येते ती घरीं. शल्यविशारदाचें काम एकदोन तासांत संपतें, रोगी तीनचार दिवसांत घरीं परततो, आणि त्यापुढील महिनाभर त्याचें क्षेम बरेचसें घरांतील माणसांच्या हातीं असतें. पोटावरील कोणत्याही शस्त्रक्रियेविषयीं हें खरें आहे. परंतु अतिस्थूल माणसाचें वजन उतरविण्यासाठीं जी शस्त्रक्रिया करतात, तिच्याविषयीं तें विशेष खरें आहे.

ठाणें शहराच्या उत्तरेस खाडीकांठीं वसलेलें कोलशेत हें मूळचें कोळी व आगरी लोकांचें गांव. पुढें तेथें रासायनिक कारखाने आले, आणि आतां उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. होडी वल्हविणें, भातलावणी करणें हे श्रम मागें पडले. लोकल गाडीचा किंवा मोटारीचा लांब प्रवास, खुर्चीवर बसून करावयाचें काम आणि रात्रीं उशिराचें जेवण हा क्रम घरोघर रूढ झाला. त्याबरोबर मधुमेह आला, रक्तदाब आला आणि स्थूलताही आली. स्थूलतेला केवळ आळसाचें फळ समजणें योग्य नव्हे. आनुवंशिकता, शरीरांतील ग्रंथींचे स्राव, झोप, कांहीं औषधें आणि राहणी अशा अनेक कारणांनीं जडणारा तो एक रोग आहे. आणि पथ्य व व्यायाम यांना तो दाद देत नाहीं, तेव्हां शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

हा उपाय अगदीं नवा नाहीं. अमेरिकेंत आयोवा विद्यापीठांत एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं जठर लहान करून अन्नाचा मार्ग वळविण्याची शस्त्रक्रिया केली. १९९४ पासून ती दुर्बिणीच्या साहाय्यानें, लहान छिद्रांतून होऊं लागली. महाराष्ट्रांत पुणें व मुंबई येथें तिचा प्रसार झाला. २०११ सालीं नितीन गडकरी यांनीं मुंबईंत ती करून घेतल्याचें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें, तेव्हां सुशिक्षित घरांतून तिचें नांव सर्वतोमुखीं झालें. आज पुष्कळदां केल्या जाणाऱ्या प्रकारांत जठराचा सुमारें तीनचतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेल्या भागाची अरुंद नळी ठेवतात. त्यास स्लीव्ह म्हणतात. दुसऱ्या प्रकारास बायपास म्हणतात.

या रोग्याला जखमा दोन असतात, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. एक बाहेरची : पोटाच्या कातड्यावर चारसहा छिद्रें, बहुतेक अर्ध्यापासून दीड सेंटिमीटरपर्यंतचीं. ज्या मोठ्या छिद्रांतून कापलेलें जठर बाहेर काढतात, तेथें पू होण्याचा संभव इतरांपेक्षां अधिक. दुसरी जखम आंतली : जठराला घातलेल्या टांक्यांची लांब ओळ. ती कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीं. पण जिवाला धोका तिच्यापासूनच अधिक असतो.

जखमेंत शिरलेल्या जंतूंना रोखणें आणि नवें मांस घडविणें हीं दोन्ही कामें रक्त करतें. चरबीच्या थरांत रक्ताचा पुरवठा थोडा असतो; म्हणून स्थूल माणसाच्या जखमेंत जंतूंना लवकर थारा मिळतो. रक्तांत साखर वाढलेली असली, म्हणजे जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. तंबाखूनें सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला प्राणवायु कमी पोंचतो. यावरून हें उघड आहे, कीं जखमेची काळजी शस्त्रक्रियेच्या आधीं कित्येक आठवडे सुरू झाली पाहिजे. विडी-सिगारेट निदान चार ते सहा आठवडे आधीं सोडावी आणि पुन्हां धरूं नये. पुष्कळ घरांतून मिश्रीला कोणी व्यसन समजत नाहीं; पण मिश्रीही तंबाखूच होय, आणि ती शल्यविशारदापासून लपवूं नये. मधुमेह ताब्यांत आणावा. शस्त्रक्रियेपूर्वीं साबणानें स्वच्छ स्नान करावें. पोटावरचे केंस घरीं वस्तऱ्यानें काढण्याची चाल मात्र वाईट. वस्तऱ्याच्या न दिसणाऱ्या ओरखड्यांतूनच जंतु आंत शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालच्या मार्गदर्शनांत वस्तरा मुळींच वापरूं नये, जरूरच पडल्यास केंस यंत्रानें कातरावेत, असें सांगितलें आहे. जंतुनाशक औषधाची मात्रा शस्त्रक्रियेच्या थोडी आधीं देतात. ती संपल्यावर केवळ भीतीपोटीं औषध चालू ठेवण्यानें लाभ होत नाहीं, असेंही तेथेंच नमूद आहे. तेव्हां घरांतील कपाटांत उरलेल्या गोळ्या रोग्याला देण्याचा मोह टाळावा.

स्वच्छतेचें हें शास्त्र परकें नाहीं. १८४७ सालीं व्हिएन्ना येथें सेमेलवाइस यांनीं हात धुण्याचें महत्त्व दाखविलें, १८६७ सालीं लिस्टर यांनीं कार्बोलिक आम्लाचा उपयोग प्रसिद्ध केला, हें सर्वश्रुत आहे. पण सुश्रुतसंहितेंत तर जखमी माणसाच्या शुश्रूषेसाठीं ‘व्रणितोपासनीय’ नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. रोग्याचें घर स्वच्छ असावें, त्यानें नखें व केंस बारीक ठेवावे, शुभ्र वस्त्रें नेसावीं, अशी त्यांत आज्ञा आहे.

घरीं आल्यावर पहिला नियम हाताचा : साबणानें हात धुतल्यावांचून जखमेला कोणीही, खुद्द रोग्यानेंही, स्पर्श करूं नये. पट्टी केव्हां काढावी व स्नान केव्हां करावें, हें शल्यविशारद सांगेल तसें करावें. अंगावर पाणी घेण्याची परवानगी मिळाली, तरी जखम चोळूं नये; स्वच्छ पंचानें टिपून कोरडी करावी. हळद, तूप, खोबरेल किंवा राख जखमेवर लावूं नये. हळदीचे गुण कितीही असोत, स्वयंपाकघरांतील डब्यांतली हळद जंतुरहित नसते. कोलशेतसारख्या खाडीकांठच्या ठिकाणीं पावसाळ्यांत कपडे दिवसचे दिवस वाळत नाहींत. दमट कपड्यानें पोटाच्या व कमरेच्या वळ्या ओलसर राहतात आणि तेथें बुरशी व जंतु वाढतात. म्हणून कपडे इस्त्रीनें पूर्ण कोरडे करून सैल घालावेत, आणि वळ्या दिवसांतून दोनदां टिपून घ्याव्यात. सर्दी-खोकला झालेल्या आप्तेष्टांनीं समाचारास न येणें हीच आपुलकी.

शरीराला नवें मांस घडवावयाचें, तर त्यास प्रथिनें हवींत. लहान झालेल्या जठरांत एका वेळीं थोडेच घोट मावतात; तरी दिवसाकाठीं निदान ६० ग्रॅम प्रथिनें पोटांत जावीं, असा बेत आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानें हळूहळू साधावा. प्रथम पातळ पदार्थ, मग मऊ गुरगुट्या, नंतर घन अन्न, हा क्रम कित्येक आठवड्यांचा असतो. मुगाचें कढण, ताक, दूध, पुढें अंडें, पनीर, चालत असल्यास काट्याविना मऊ मासा हे पदार्थ घरचेच आहेत. अशक्तपणा जावा म्हणून डिंकाचे लाडू, साजूक तुपांतला शिरा प्रेमानें पुढें करणें, हें प्रेम जठराच्या ताज्या टांक्यांना महागांत पडतें. लोह, कॅल्शियम, बी-१२ इत्यादि गोळ्या मात्र चुकवूं नयेत. त्या बहुधा आयुष्यभराच्या असतात. उलट्या थांबत नसतील, तर त्वरित कळवावें. बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावानें मज्जातंतूंना इजा होते. दुखणें थांबविणाऱ्या कांहीं साध्या गोळ्यांनीं जठरांत व्रण होतो; म्हणून विचारल्यावांचून एकही गोळी घेऊं नये.

वरून जखम मिटली म्हणजे ती पक्की झाली, असें नाहीं. तीन आठवड्यांनीं तिच्यांत मूळ कातड्याच्या सुमारें २० टक्के बळ येतें. तीन महिन्यांनीं सुमारें ८० टक्के. तोंवर पाण्याची भरलेली बादली, गॅसची टांकी किंवा कडेवरचें मूल उचलणें शल्यविशारदाच्या आज्ञेवांचून करूं नये. चालणें मात्र पहिल्या दिवसापासून हवें. त्यानें पायांत रक्त गोठत नाहीं.

आतां धोक्याच्या खुणा. तिसऱ्याचौथ्या दिवसानंतर दुखणें कमी न होतां वाढूं लागलें, जखमेभोंवतीं लाली पसरूं लागली, जागा गरम लागली, पू किंवा दुर्गंधि आली, ताप १००.४ अंशांवर गेला, तर ती जंतुसंसर्गाची सूचना होय. त्याच दिवशीं रुग्णालयांत दाखवावें. पण याहून गंभीर खूण निराळी आहे. बाहेरची जखम कोरडी व सुरेख दिसत असतां नाडी मिनिटास १२० च्या वर धांवते, धाप लागते, पोट किंवा खांदा दुखतो, रोगी अस्वस्थ होतो. आंतील टांक्यांतून गळती सुरू झाल्याचें हें लक्षण असूं शकतें, आणि तेथें तासांचा विलंबही प्राणावर बेततो. पोटरी सुजून दुखणें, छातींत एकाएकीं कळ येणें, हींही तशींच तातडीचीं लक्षणें. म्हणून घरांतील एकाने तरी घड्याळ लावून नाडी मोजावयास शिकावें, आणि ती रोज सकाळसंध्याकाळ लिहून ठेवावी.

घोडबंदर रस्त्यावरील वाहनांची कोंडी ठाणेंकरांस ठाऊकच आहे. रात्रीं अपरात्रीं कोणत्या रुग्णालयांत जावयाचें, कोणत्या वाटेनें, कोणाला दूरध्वनि करावयाचा, हें रोगी घरीं येण्यापूर्वींच कागदावर लिहून भिंतीवर लावावें. पुष्कळ घरांतून अशा वेळीं ‘सकाळपर्यंत वाट पाहूं’ असें म्हटलें जातें. नाडी धांवत असतां रात्र वाट पाहण्यांत घालवूं नये.