घन आम्लाची घडण

काळाचौकीहून दादर ओलांडून माटुंग्याला गेलं, की रसायन तंत्रज्ञान संस्था लागते. जुन्या मंडळींची यूडीसीटी, स्थापना १९३३. तिथे प्रा. गणपती यादव यांनी घडवलेले काही उत्प्रेरक 'यूडीकॅट' या नावाने ओळखले जातात.

औषधं, सुगंधी द्रव्यं बनवताना अनेक अभिक्रियांना आम्ल लागतं. गंधकाम्लाने काम भागतं, पण नंतर ते अल्कली घालून उदासीन करावं लागतं आणि खारट सांडपाणी गळ्यात पडतं. घन आम्ल मात्र गाळायचं, पुन्हा वापरायचं. यूडीकॅट याच जातीचे.

ते घडवायचं कसं? झिर्कोनियावर, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडवर, नेहमीच्या गंधकाम्लाची प्रक्रिया केली, तर गंधक बेताचाच बसतो. यादवांच्या गटाने क्लोरोसल्फॉनिक आम्ल वापरलं. गंधक सुमारे ९ टक्क्यांवर गेला आणि हवी ती स्फटिकरचनाही टिकली. पुढे हेच द्रव्य सिलिकाच्या षट्कोनी मांडणीच्या छिद्रांत बसवलं. रेणू मोठा, तर छिद्रही मोठं. चाळीतल्या खोलीच्या दारातून कपाट आत जायला हवं ना! खरी अक्कल मला इथे दिसते.

या जातीच्या उत्प्रेरकांना पाणी मात्र फारसं मानवत नाही. गंधक धुऊन जातो.