आत्मपरीक्षण आणि कार्यसिद्धि

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



उत्सवाच्या दिवशीं आपण धर्मग्रामाच्या कार्याची मोजदाद करतों. देऊळ, शाळा, मंडळ्यांचीं कामें हीं मोजतां येतात, व तीं मोजणें योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हातून हीं कामें व्हावयाचीं, त्यांची स्वतःशीं ओळख किती, हें सहसा कोणी पाहत नाहीं. आमचें मत असें कीं, मनुष्याचें कार्य शक्तीच्या अभावीं जितकें अडतें, त्याहून अधिक तें आपला दोष नेमका कोठें आहे हें न कळल्यामुळें अडतें.

संत इग्नेशियस लोयोला यांचेंच उदाहरण घ्या. सन १५२१ मध्यें पाम्पलोनाच्या किल्ल्याचें रक्षण करीत असतां तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला. हाड जुळलें, पण एक टोंक बाहेर राहिलें. पायाची शोभा जाऊं नये म्हणून असह्य वेदना सोसून त्यांनीं तें कापून घेतलें; एवढा त्यांचा अभिमान! अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनीं वीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरांत त्या नव्हत्या. म्हणून ख्रिस्तचरित्र व संतांचीं चरित्रें त्यांच्या हातीं आलीं. मग त्यांचें मन कधीं एका थोर कुलस्त्रीच्या सेवेच्या मनोराज्यांत रमे, तर कधीं संतांप्रमाणें कठोर व्रतें आचरावीं असें योजी. दोन्ही विचार त्या वेळीं गोडच वाटत. परंतु पहिला ओसरला म्हणजे मन शुष्क होई, आणि दुसरा ओसरल्यावरही समाधान उरे. ईश्वरी कृपेनें हा भेद त्यांच्या ध्यानीं आला, आणि त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली.

पुढें त्यांनीं आध्यात्मिक साधनेचा जो ग्रंथ रचिला व ज्यास पोप तिसरे पौल यांनीं १५४८ सालीं मान्यता दिली, त्यांत एक साधी रीत सांगितली आहे. एका वेळीं एकच दोष घ्यावा. सकाळीं उठतांच तो टाळण्याचा निश्चय करावा. दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर तासातासाचा हिशेब घ्यावा, आणि जितक्या वेळां चूक झाली तितके ठिपके ओळीवर द्यावे. मग दिवसाची दिवसाशीं व आठवड्याची आठवड्याशीं तुलना करावी.

आम्हीं स्वतः कांहीं आठवडे ही रीत पाळली. दोष घेतला रागाचा. आमची समजूत अशी कीं, आम्ही स्वभावतः शांत. घरचीं माणसेंच उगाच त्रास देतात. परंतु ठिपके वेगळेंच सांगूं लागले. दुपारची ओळ बहुधा कोरी, आणि रात्रीची भरलेली! कामावरून परतल्यापासून जेवावयास बसेपर्यंतच्या तासाभरांतच बहुतेक कठोर शब्द आमच्या तोंडून निघत. शीण आमचा, भूक आमची; भोगीत होतीं मुलें. 'राग सोडीन' असा मोघम निश्चय आम्हीं अनेकदां केला होता व मोडला होता. आतां घरीं येतांच हातपाय धुऊन, घोटभर पाणी पिऊन, थोडा वेळ ओटीवर मुकाट्यानें बसावयाचें, असा नेम केला. ठिपके नाहींसे झाले नाहींत, पण कमी झाले. आणि आमची चाहूल लागतांच गप्प होणारीं मुलें पुनः बोलूं लागलीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. स्वतःस पाहणें म्हणजे स्वतःस छळणें नव्हे. मान्रेसा येथें असतांना खुद्द इग्नेशियस आपलीं जुनीं पापें पुनः पुनः उगाळून फार व्याकुळ झाले होते. त्यांनींच पुढें दिवसाच्या सामान्य आत्मपरीक्षणाचा जो क्रम घालून दिला, त्यांत पहिली पायरी दोषांची नाहीं; देवाचे उपकार आठवून आभार मानण्याची आहे. मग प्रकाशाची याचना, मग हिशेब, मग क्षमायाचना, आणि शेवटीं सुधारण्याचा संकल्प. ज्यानें आधीं आभार मानले, त्यास आपले दोष पाहण्याची भीति उरत नाहीं.

बंधुभगिनींनो, एकमेकांच्या दोषांची वही आपण फार दिवस नीट ठेवीत आलों आहोंत. या महोत्सवापासून प्रत्येकानें स्वतःची एक लहान वही घालावी. दोष एकच, मुदत आठच दिवसांची. आपल्या घरांत त्यानें थोडी जरी शांति आली, तरी ती या उत्सवाची खरी भेट होईल. तशी कृपा प्रभूनें आपणां सर्वांस द्यावी, एवढीच आमची प्रार्थना आहे.