आधी फोन लावा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. तरी दोन वर्षांपूर्वी फसता फसता वाचलो. मेसेंजरवर मामूंचं नाव, मामूंचाच फोटो: "बेटा, बोईसरच्या दवाखान्यात आहे. १५ हजार लगेच टाक." मी पिन टाकणार, तेवढ्यात अम्मी म्हणाली, "आधी फोन लाव." मामू पालघर स्टेशनवर डहाणू लोकलची वाट बघत होते!

ठगाला कॉम्प्युटर फोडावा लागत नाही. तो आपली माया, भीती आणि घाई वापरतो. तारापूर एमआयडीसीत नोकरी लावतो म्हणून आधी फी मागणारा, व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड मागणारा, व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' करणारा, सगळ्यांची चाल एकच. डिजिटल अरेस्ट आपल्या कायद्यात नाही. आणि पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू करा. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० लावा. तक्रार लवकर झाली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. लाजेत घालवलेला तास ठगाच्या कामी येतो.

आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांच्या फोनमध्ये १९३० सेव्ह करून द्या.