लिहिले म्हणजे टिकले काय?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो पगार आणि महागाई भत्त्यावर बोलणार, असे आपण गृहीत धरता. आजचा माझा प्रश्न वेगळा आहे. संगणकात लिहिलेली नोंद डिस्कवर खरोखर केव्हा पोहोचते? मी इंजिनियर नव्हे. जे शिकलो ते शाळेबाहेर, पुस्तके चाळून. पण आपल्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागातल्या कारखान्यांत कामगाराची हजेरी संगणकात जाते. जेथे हजेरी, तेथे संघटनेचे लक्ष हवेच.

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. व्यवहार होताच कारकून कच्च्या वहीत टिपून ठेवी आणि सवडीने खतावणीत उतरवी. संगणकाचा कारभारी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, हेच करतो. प्रोग्रॅमने 'लिही' म्हटले, की तो मजकूर मेमरीत ठेवतो आणि 'लिहिले' असे उत्तर देतो. डिस्कवर तो मागाहून जातो. लिनक्समध्ये नेहमीच्या मांडणीत साधारण ३० सेकंदांनी. यात लबाडी नाही. डिस्क मेमरीपेक्षा फार मंद असते. प्रत्येक ओळीसाठी तिच्याकडे धावले, तर सारे काम खोळंबेल.

परंतु मेमरी विजेवर जगते. वीज गेली की कच्ची वही कोरी! एका कारखान्यात पडद्यावर 'नोंद झाली' असे उमटले, त्याच क्षणी वीज गेली, आणि दुसऱ्या दिवशी सात माणसांची जादा पाळी हजेरीत नव्हती. व्यवस्थापक म्हणाले, यंत्र खोटे बोलत नाही. खरे आहे, यंत्र खोटे बोलले नव्हते, ते अर्धेच बोलले होते.

मग कच्ची वही टाळून थेट खतावणीत लिहिता येत नाही काय? येते. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या १९९४ च्या एक्सएफएस या फाइल-व्यवस्थेत ही थेट वाट होती. लिनक्समध्ये ती २००१ साली आली. पुण्यात जिचे मोठे केंद्र अनेक वर्षे होते, त्या व्हेरिटास कंपनीच्या फाइल-व्यवस्थेत तर २५६ किलोबाइटच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे काम नेहमीच्या मांडणीत आपोआप थेट वाटेने जाते. मोठ्या डेटाबेसना ही वाट आवडते, कारण त्यांची स्वतःची कच्ची वही असते. एकाच व्यवहारासाठी दोन कच्च्या वह्या म्हणजे दुप्पट श्रम.

मात्र मधला कारकून काढला, की त्याचे काम नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या अंगावर येते. हा अनुभव आम्हां कामगारांना नवा नाही.

पहिली गोष्ट अशी, की खतावणी पानापानानेच उघडते. थेट लिहायचे तर मजकूर ५१२ किंवा ४०९६ बाइटांच्या पूर्ण पानांत आणि नेमक्या जागी बसवून द्यावा लागतो. नाहीतर काही फाइल-व्यवस्था सरळ नकार देतात आणि काही निमूटपणे कच्च्या वहीचाच रस्ता धरतात.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. एक जण थेट खतावणीत लिहितो आणि दुसरा अजून कच्ची वही वाचतो. दोघांचे आकडे जुळणार कसे? म्हणून कारभाऱ्याला थेट लेखनापूर्वी त्या भागातले कच्चे टिपण डिस्कवर उतरवावे लागते, आणि लेखनानंतर कच्च्या वहीतले ते पान रद्द करावे लागते. एकाच फाइलीवर दोन्ही वाटांनी एकाच वेळी काम चालले, तर एवढी दक्षताही पुरत नाही. शहाण्याने एका फाइलीला एकच वाट ठेवावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. थेट म्हणजे कायम नव्हे! डिस्कच्या पोटातही एक छोटी कच्ची वही असते. शिवाय फाइल किती लांब आणि कोठे ठेवली, याची नोंद मेमरीतच राहिलेली असू शकते. 'सर्व उतरव, आणि उतरल्यावरच सांग' असा एफसिंक नावाचा वेगळा हुकूम द्यावा लागतो.

त्या हुकुमाचे उत्तरही डोळे उघडे ठेवून ऐकावे. पोस्टग्रेस या नामांकित डेटाबेसच्या मंडळींना २०१८ साली उमगले, की एकदा लेखन फसल्यावर पुन्हा एफसिंक मागितले, तर लिनक्स 'ठीक आहे' म्हणू शकतो. मजकूर मात्र गेलेला असतो. २०१९ च्या फेब्रुवारीपासून त्यांनी धोरण बदलले: एफसिंक फसले, की पुढे रेटायचे नाही, काम थांबवायचे आणि राखून ठेवलेल्या रोजकीर्दीवरून हिशेब पुन्हा उभा करायचा. चूक झाकण्यापेक्षा काम बंद ठेवणे बरे, हे तत्त्व संप केलेल्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही.

१९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रीकरणाबाबत करार केला, तेव्हा यंत्रे किती आणि कोठे, हा प्रश्न होता. आज यंत्र आले आहे. आता त्याच्या शब्दाचा अर्थ विचारायचा आहे. आमच्या मागण्या साध्या आहेत. नोंद डिस्कवर उतरल्याचे उत्तर आल्यावरच 'नोंद झाली' असे पडद्यावर दिसावे. लेखन फसले, तर ते लपवू नये. आणि कामगाराच्या हाती त्याच्या पाळीची कागदी पावती असावी.

घामाचा हिशेब कच्च्या वहीत राहता कामा नये.